गेमिंग कम्युनिटीसाठी विनामोबदला राबणाऱ्यांना पैसे मिळायला हवेत का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक तरुण गेली तीन वर्षे एका मोबाइल गेमच्या अधिकृत डिस्कॉर्ड सर्व्हरवर, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन गप्पांच्या कट्ट्यावर, काम करतो. नव्या खेळाडूंसाठी तो मराठीत आणि हिंदीत गाइड लिहितो, दर आठवड्याच्या इव्हेंटसाठी कस्टम मॅप (खेळायचे नवे नकाशे) बनवतो, अपडेट आले की पॅच नोट्सचे (गेममध्ये काय बदलले याच्या यादीचे) भाषांतर करून त्याच रात्री टाकतो आणि आठवड्यातले चार दिवस ठरलेल्या वेळी चॅटवर लक्ष ठेवतो. कंपनी त्याला ‘स्वयंसेवक क्रिएटर’ म्हणते, नावापुढे रंगीत बिल्ला लावते आणि महिन्याला काही डायमंड, म्हणजे गेममधले चलन, त्याच्या खात्यात टाकते. आता या कामाचे पैसे मिळावेत असे त्याला वाटते, पण हौसेने सुरू केलेल्या गोष्टीचे पैसे मागणे बरे दिसत नाही, असे त्याचे मित्र म्हणतात. यात बरोबर कोण, असे त्याने विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो. तुम्ही सांगितलेल्या चार कामांपैकी दोन कामांचे रोख पैसे तुम्हाला मिळायलाच हवेत, आणि ते इतकी वर्षे मिळाले नाहीत हा अन्याय आहे. मॅपच्या बाबतीत तुम्ही प्रत्येक मॅपची ठरलेली रक्कम आणि विक्री झाल्यास उत्पन्नातला वाटा मागावा. गाइडचे मात्र पैसे मागू नयेत. त्यांची मालकी आपल्याकडे राखावी. असे वेगवेगळे उत्तर का, हे नीट सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मी या क्षेत्रात अठरा वर्षे आहे. पहिली पाच वर्षे मी स्वतः एका ऑनलाइन गेमचा विनावेतन मॉडरेटर, म्हणजे चॅटवर लक्ष ठेवणारा, होतो. नंतर पुण्यातल्या दोन गेम कंपन्यांत कम्युनिटी मॅनेजर म्हणून स्वयंसेवकांचे गट उभे केले, आणि आता अशा गटांसाठी नियम आणि करारांचे मसुदे तयार करतो. फुकट काम केल्याचा आणि फुकट काम करवून घेतल्याचा असे दोन्ही अनुभव माझ्या पदरी आहेत, आणि दुसऱ्या अनुभवाची बोच अजून गेलेली नाही.

ती बोच कुठून आली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सात स्वयंसेवक मॉडरेटर होते. त्यांच्यासाठी मी एक तक्ता केला होता. त्यात नाव, वार, वेळ आणि शेवटच्या रकान्यात हजर की गैरहजर अशी नोंद असे. संध्याकाळी सात ते अकरा ही गर्दीची वेळ, म्हणून त्या वेळेला दोघे असलेच पाहिजेत, असा नियमही मीच घातला होता. एका रात्री त्यातल्या कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला: “दादा, चौदा तारखेपासून एम. एस्सी.चे पेपर आहेत. दहा दिवस रजा मिळेल का? बदली मी बघून ठेवली आहे.” मी लगेच उत्तर दिले, “हो, मंजूर. अभ्यास कर.” निरोप गेल्यानंतर मात्र मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसलो. रजा, बदली, मंजूर हे तिन्ही शब्द कचेरीतले होते. जिला आम्ही एक रुपयाही देत नव्हतो, ती मुलगी स्वतःच्या परीक्षेसाठी माझ्याकडे रजा मागत होती, आणि ती मंजूर करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मलाही सहज वाटले होते.

तेव्हापासून मी कोणत्याही स्वयंसेवकाच्या कामाकडे एकाच कसोटीने बघतो: त्या माणसाला आज ‘जमणार नाही’ असे कोणालाही न विचारता म्हणता येते का? येत असेल, तर ते श्रमदान किंवा हौस आहे. त्यासाठी त्याला परवानगी घ्यावी लागत असेल, बदली शोधावी लागत असेल, न आल्यास बिल्ला काढून घेतला जात असेल, तर ती नोकरी आहे. मग तिला नाव काहीही द्या. कामात किती आनंद मिळतो, किती मेहनत पडते किंवा कंपनी किती कमावते, या गोष्टी मी त्यानंतर बघतो. पुष्कळ लोक मेहनतीवरून मोबदला ठरवायला जातात आणि तिथेच वाद फसतो, कारण मेहनत हौशी माणूसही करतो, कित्येकदा नोकरदारापेक्षा जास्त करतो.

आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, आणि ते नीट वापरले तर अर्धा गोंधळ मिटतो. आपल्या वेळेवर दुसऱ्याचा ताबा असतो, त्याचे वेतन. कामगिरी ठरवून दिलेली असते पण ती कशी आणि केव्हा करायची हे आपल्या हाती असते, त्याचे मानधन. आणि आपण निर्माण केलेली वस्तू विकून किंवा वापरून दुसरा कमावतो, तेव्हा त्यातला वाटा. गेम कंपन्या या तिन्ही गोष्टी ‘कम्युनिटी’ या एकाच शब्दात गुंडाळतात, म्हणून मागणाऱ्यालाही आपण नेमके काय मागतो आहोत ते कळत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. १९९० च्या दशकात अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या चॅट रूम, संदेशांचे फलक आणि खेळांचे विभाग ‘कम्युनिटी लीडर’ म्हणवले जाणारे स्वयंसेवक सांभाळत असत. त्यांची संख्या सुमारे १४,००० पर्यंत गेली होती. त्यांच्यापैकी अनेकांना तीन महिन्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागे, आठवड्याला किमान चार तास द्यावे लागत, पाळीचे टाइमकार्ड भरावे लागे आणि पाळीत काय केले याचा तपशीलवार अहवाल द्यावा लागे. बदल्यात मिळे ते फुकट खाते. इंटरनेटचे पैसे तासावर मोजले जात होते तोपर्यंत हे खाते खरोखर मोलाचे होते. पण १९९६ च्या अखेरीस कंपनीने महिन्याला १९.९५ डॉलर असा एकच दर आणला, आणि महिनाभराच्या पाळ्यांची किंमत एका झटक्यात तेवढ्यावर आली. काम तसेच राहिले, मोबदला आटला. १९९९ मध्ये दोन माजी लीडरनी न्यूयॉर्कमध्ये दावा दाखल केला. आम्ही कायद्याच्या दृष्टीने कर्मचारीच होतो, तेव्हा किमान वेतन द्या, असे त्यांचे म्हणणे होते. तो दावा अकरा वर्षे चालला आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

गेमच्या जगातला त्याचा जुळा भाऊ म्हणजे ‘अल्टिमा ऑनलाइन’चा दावा. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या गेममध्ये अडलेल्या खेळाडूंना मदत करणारे ‘काउन्सेलर’ स्वयंसेवक होते. २००० मध्ये त्यांच्यापैकी काहींनी कंपनीविरुद्ध, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सविरुद्ध, कोलोरॅडोतल्या संघीय न्यायालयात वेतनाचा दावा लावला आणि २००२ मध्ये न्यायालयाने तो सामूहिक दावा म्हणून पुढे नेण्यास प्राथमिक मान्यता दिली. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कंपनीसाठी कोणी ‘स्वयंसेवक’ असू शकत नाही, अशी अमेरिकेच्या श्रम खात्याची सर्वसाधारण भूमिका आहे. धर्मादाय संस्थेची गोष्ट वेगळी. आपल्याकडेही गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता रात्रभर जागतो, त्याला कोणी हजेरीपट विचारत नाही आणि मंडळाच्या नफ्याचा भागधारकही कोणी नसतो. तोच कार्यकर्ता एखाद्या इव्हेंट कंपनीच्या मांडवात तसाच रात्रभर उभा राहिला, तर सकाळी पैसे मागेल आणि ते त्याला मिळतील.

तुमच्या चॅटवरच्या पाळ्या आणि पॅच नोट्सचे भाषांतर ही दोन कामे थेट या प्रकारात मोडतात. पाळीची वेळ कंपनीने ठरवली आहे. भाषांतर ‘त्याच रात्री’ हवे असते, कारण सकाळी खेळाडू तक्रारी घेऊन येतात आणि ग्राहक सेवेवर ताण पडतो. उद्या तुम्ही ही दोन कामे सोडलीत तर कंपनीला ती कोणाकडून तरी पैसे देऊन करून घ्यावी लागतील. भाषांतर हा तर शब्दावर दर ठरणारा प्रस्थापित व्यवसाय आहे. शस्त्राचा ‘कूलडाउन’ (ते पुन्हा वापरण्याआधीचा थांबा) दीड सेकंदाने वाढला हे वाक्य मराठीत चुकीचे गेले, तर दुसऱ्या दिवशी शेकडो लोक चुकीच्या समजुतीने खेळतात आणि दोष भाषांतरकाराला देतात. इतकी जबाबदारी ज्या कामावर आहे, त्याचे पैसे मागताना संकोच कशाला?

मॅपकडे वळू या, कारण सर्वांत गुंतागुंतीचा आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग तोच आहे. खेळाडूंनी हौसेने बनवलेल्या गोष्टींतून गेम उद्योगाला काय मिळाले आहे, हे पाहिल्याशिवाय या कामाचे मोल कळत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमवरचा दोघा तरुणांचा मॉड (मूळ गेममध्ये खेळाडूंनी केलेला बदल) म्हणून सुरू झाला, २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि त्या दोघांना नोकरीवर ठेवले. ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’ या गेमच्या नकाशा-संपादकात बनलेला मॅप होता. तो एकामागून एक अशा अनेक हौशी हातांतून गेला आणि त्यातून खेळाचा एक संपूर्ण प्रकार जन्माला आला. तो प्रकार जन्माला घालणाऱ्यांपैकी सगळ्यांच्या पदरात काही पडले असे नाही. आणि कंपन्या यातून काय शिकल्या, तर २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती काढताना तो गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने नियमच केला की या संपादकात बनवलेला प्रत्येक कस्टम गेम ब्लिझार्डच्या मालकीचा राहील. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की तुमच्या गेमचा वापरकर्ता करार आज रात्री उघडून वाचा. ‘तुम्ही तयार केलेली सामग्री’ अशा अर्थाचे कलम शोधा. तुम्ही कंपनीला वापराचा परवाना देता की मालकीच देऊन टाकता, हे त्या एका कलमात लिहिलेले असते.

वाटा देणे शक्य नसते, असे कोणी म्हणाले तर त्यांना ‘टीम फोर्ट्रेस २’चे उदाहरण सांगा. २०१० च्या सप्टेंबरअखेर व्हॉल्व्हने त्या गेममध्ये दुकान उघडले आणि खेळाडूंनी बनवलेल्या टोप्या, शस्त्रे वगैरे वस्तू विक्रीला ठेवून विक्रीतला २५ टक्के वाटा बनवणाऱ्यांना दिला. पहिल्या दोन आठवड्यांत पाच जणांना प्रत्येकी ३९,००० ते ४७,००० डॉलर मिळाले. तोवर हे लोक तेच काम मिळेल त्या शाबासकीवर करत होते. पुढे ही पद्धत ‘डोटा २’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’लाही लागू झाली, आणि २०१५ च्या जानेवारीपर्यंत ७५ देशांतल्या दीड हजारांहून अधिक लोकांना मिळून ५ कोटी ७० लाख डॉलर दिले गेल्याचे कंपनीने जाहीर केले. कंपनी बुडाली नाही, कम्युनिटी फुटली नाही. २०२३ मध्ये ‘फोर्टनाइट’ने त्यापुढे जाऊन गेमच्या निव्वळ उत्पन्नाचा ४० टक्के भाग ‘बेटे’, म्हणजे त्या गेममधले मॅप, बनवणाऱ्यांमध्ये आणि इतर पात्र सामग्रीत वाटण्याची योजना आणली. म्हणजे हिशेब ठेवणे अवघड असले तरी अशक्य नाही.

पण याच व्हॉल्व्हने दुसऱ्या ठिकाणी सपाटून मार खाल्ला, आणि ते उदाहरण पैसे मागणाऱ्याने विसरू नये. २३ एप्रिल २०१५ रोजी ‘स्कायरिम’ या गेमचे मॉड विकण्याची सोय त्यांनी सुरू केली. तो गेम २०११ चा. साडेतीन वर्षे त्याचे मॉड फुकट बनत होते, फुकट वाटले जात होते आणि एकमेकांवर रचले जात होते. नव्या योजनेत मॉड बनवणाऱ्याला २५ टक्के आणि उरलेले ७५ टक्के व्हॉल्व्ह आणि ‘स्कायरिम’ काढणारी बेथेस्डा या दोन कंपन्यांना जाणार होते. सुरुवातीलाच मासेमारीचा एक मॉड मागे घ्यावा लागला, कारण तो दुसऱ्या एकाच्या ॲनिमेशनच्या साधनावर आधारलेला होता आणि त्या दुसऱ्याची त्याला संमती नव्हती. चार दिवसांत, २७ एप्रिलला, संपूर्ण योजना गुंडाळली गेली आणि ज्यांनी पैसे दिले होते त्यांना ते परत मिळाले. पैसा आल्यामुळे हे घडले असे अनेक जण म्हणतात. माझे मत वेगळे आहे. शेतातल्या सामाईक विहिरीवर एका सकाळी अचानक मीटर बसवले तर भांडण होणारच, आणि ते पाण्याला दर लावला म्हणून नसते, ज्यांनी मिळून विहीर खणली त्यांना विचारले नाही म्हणून असते. पुढे २०१७ मध्ये बेथेस्डाने निवडक मॉडरना नव्या कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत सुरू केली. त्याही योजनेवर टीका झाली, पण ती टिकली, कारण जुन्या सामाईक साठ्याला तिने हात लावला नाही.

म्हणून मॅपच्या बाबतीत मागणी पुढच्या कामापुरती ठेवा. आजवरचे मॅप दिले ते दिले. यापुढचा प्रत्येक इव्हेंट-मॅप ठरलेल्या मानधनावर होईल, आणि एखाद्या मॅपवर कंपनीने पास किंवा स्किन (पात्राचे वा शस्त्राचे सजवलेले रूप) विकली तर त्यात वाटा असेल, असे मांडा. मॅपच्या कामाचे तासही कंपनीला सांगा, कारण बाहेरून ते दिसत नाहीत. मी स्वतः मॅप बनवणाऱ्याच्या शेजारी बसून पाहिले आहे. इमारती मांडायला दोन तास लागतात आणि त्यानंतर सहा तास तो एका जिन्याच्या कडेला उडी मारत असतो, कारण तिथून खेळाडू भिंतीच्या आत अडकतो आणि ते का होते ते सापडत नाही. शेवटी एक अदृश्य ठोकळा बोटभर सरकवला की काम होते. कंपनीच्या अहवालात त्या सहा तासांची नोंद कुठेच नसते.

गाइडबद्दल माझे मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. मी एकदा पैसे देऊन पाहिले आहेत. त्या कोल्हापूरच्या निरोपानंतर अपराधी भावनेतून मी घाईने योजना आखली आणि प्रत्येक गाइडमागे ठरावीक रक्कम जाहीर केली. महिनाभरात एकाच बंदुकीवर अकरा गाइड आले. त्यातले नऊ एकमेकांची उचल होते. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच्या गाइडमधली चूक दुरुस्त करणे थांबले. पूर्वी कोणीतरी गेममधल्या पाचशे पेट्या उघडून कोणती वस्तू किती वेळा निघाली याचा तक्ता करायचा, आणि दुसरे चार जण आपापले आकडे त्यात मिळवायचे. आता दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून आकडे मिळवायला कोणी येईना. तीन महिन्यांत मला ती योजना मागे घ्यावी लागली.

उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात याचे उत्तर मला नंतर सापडले. इस्रायलमध्ये घरोघर जाऊन देणग्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांचे त्यांनी तीन गट केले. एकाला काहीच दिले नाही, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का आणि तिसऱ्याला १० टक्के एवढा मोबदला देऊ केला. सर्वांत जास्त देणग्या पहिल्या गटाने आणल्या, त्याखालोखाल तिसऱ्याने, आणि सर्वांत कमी १ टक्कावाल्यांनी. पैसे द्यायचे तर पुरेसे द्यावेत, नाहीतर देऊ नयेत, असा त्याचा अर्थ. महिन्याला खात्यात पडणारे तुमचे डायमंड मला त्या १ टक्क्यासारखे वाटतात. त्यांनी हौसेची शान घालवली आणि कामाची किंमतही दिली नाही.

गाइड आणि विकी (अनेकांनी मिळून लिहिलेला माहितीसाठा) यांसारख्या सामाईक ज्ञानासाठी पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते घेऊन निघून जाण्याचा हक्क. ‘रूनस्केप’चा विकी लिहिणाऱ्यांनी २०१८ मध्ये फॅन्डम हे जाहिरातींनी भरलेले संकेतस्थळ सोडले आणि सगळा मजकूर घेऊन स्वतंत्र घर केले. २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ विकीच्या संपादकांनी तेच केले. त्यांना हे करता आले, कारण मजकूर मुक्त परवान्याखाली, म्हणजे इतरांनाही तो नेऊन वापरण्याची मुभा देऊन ठेवलेला होता, एका कंपनीच्या कुलपात नव्हता. तुमचे गाइड आज फक्त कंपनीच्या सर्व्हरवर असतील, तर एक प्रत तुमच्या स्वतःच्या जागेवर ठेवा आणि त्यावर तुमचे नाव व मुक्त परवाना लिहा. कंपनीने एखादे विशिष्ट गाइड ठरावीक मुदतीत लिहून मागितले, तर तेवढ्याचे मानधन जरूर घ्या. ते मागणीवरून केलेले काम झाले.

गेममधल्या चलनाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो: ते मोबदला म्हणून स्वीकारू नका, भेट म्हणून हवे तर घ्या. त्याने खोलीचे भाडे देता येत नाही, खाते बंद झाले की ते जाते, आणि गेमच बंद झाला तर दाद मागायलाही जागा नसते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’सह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा ज्यांची वर्षांची कमाई त्या गेमच्या चलनात आणि स्किनमध्ये होती, ती गेमबरोबरच अडकून पडली. शिवाय वस्तुरूपाने दिलेल्या लाभाला सरकार नुसती भेट मानत नाही. जुलै २०२२ पासून, व्यवसायाच्या ओघात एखाद्याला वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा लाभ दिल्यास देणाऱ्याला त्यावर १० टक्के कर कापावा लागतो. कंपनीने दिलेला फोन किंवा हेडसेट घेताना हे लक्षात असू द्या.

आपल्या कायद्यात तुमच्या बाजूने काय आहे? वाटते त्यापेक्षा बरेच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार, एखाद्याने कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. अडचण ‘हेतू’ या शब्दाशी आहे. तीन वर्षे तुम्ही ‘स्वयंसेवक’ हा बिल्ला मिरवला, त्यामुळे मागच्या कामाबाबत हा हेतू सिद्ध करणे कठीण जाईल. पण ज्या दिवशी तुम्ही ईमेलने कळवाल की यापुढे हे काम मी विनामोबदला करणार नाही, आणि तरीही कंपनी तुमच्याकडून काम घेत राहील, त्या दिवसापासून तुमची बाजू भक्कम होते. मागच्या कामाचीही वाट पूर्ण बंद नाही. आधीच स्वेच्छेने केलेल्या कामाची भरपाई देण्याचे वचन कंपनीने दिले, तर ते त्याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे बंधनकारक ठरते. म्हणून व्यवस्थापक तोंडी म्हणाला की “तुझे मागचेही बघू,” तर ते त्याच्याकडून लेखी घ्या.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कागदोपत्री तुम्ही कंपनीचे नोकर नसल्याने तुम्ही लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक तुम्हीच आहात. मालकी हस्तांतरित करायची तर लेखी आणि सहीचा दस्त लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. कामावर आपले नाव असण्याचा हक्क मालकी दिल्यावरही तुमच्याकडे राहतो. कंपन्यांना हे ठाऊक असते, आणि म्हणूनच त्या बहुधा मालकी न मागता दीर्घ मुदतीचा परवाना मागतात. एक इशारा अठरा वर्षांखालच्या वाचकांसाठी: अज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या, व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे मुळातच निरर्थक ठरतो, आणि या कम्युनिटीत पंधरा-सोळा वर्षांची मुले पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून पाळ्या करवून घेणाऱ्या कोणत्याही कंपनीला मी हे काम ताबडतोब बंद करायला सांगतो, मोबदला दिला तरीही.

छोट्या कंपनीला हे परवडणार नाही, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो खरा असतो. पुण्यात चार-पाच जणांचे स्टुडिओ मी पाहिले आहेत, जिथे मालकच स्वतः वर्षभर पगार घेत नाही. अशांनी स्वयंसेवक जरूर घ्यावेत, पण मग तक्ता फाडून टाकावा. कोणी आले तर आले, नाही तर चॅट रात्री दहा वाजता बंद करावे. तक्त्याच्या बाबतीत आम्ही पुढे तेच केले. मानधनाचा प्रस्ताव मंजूर व्हायला पाच महिने लागले. दोघांच्या पाळ्यांना मानधन मिळाले, उरलेल्या पाच जणांच्या नावापुढच्या वेळा मी स्वतः पुसल्या. पहिले काही आठवडे रात्री उशिरा चॅटवर बराच धुडगूस झाला आणि वरिष्ठांनी मला त्याबद्दल विचारले. मी त्यांना सांगितले की हे काम इतके दिवस कोण करत होते ते आता आपल्याला दिसते आहे. दोन महिन्यांनी रात्रीच्या पाळीसाठी कंपनीने एक पगारी माणूस घेतला. कोल्हापूरच्या त्या विद्यार्थिनीला आम्ही विचारले होते, पण तोपर्यंत तिला दुसरीकडे नोकरी लागली होती.

तुम्ही आता काय करावे ते सांगतो. एक महिना वही ठेवा आणि तिच्यात रोज काय केले, किती वेळ लागला आणि ते कोणी सांगितले हे तीन रकाने भरा. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण हौस कुठे थांबली आणि हुकूम कुठे सुरू झाला हे त्यावरून कळेल. मग कंपनीला एक साधा ईमेल लिहा. त्यात तक्रारीचा सूर नको आणि उपकाराची भाषाही नको. पाळ्यांसाठी ताशी दर, भाषांतरासाठी शब्दामागे दर, मॅपसाठी मानधन आणि विक्री झाल्यास वाटा अशा चार ओळी पुरेत. गाइड मी लिहीत राहीन, माझ्या नावाने आणि मुक्त परवान्याखाली, हेही त्यात कळवा. ही उदारता खरी आहे आणि तिचा परिणाम होतो. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. तेवढ्या दिवसांच्या पाळ्या नेहमीप्रमाणे पूर्ण करा, म्हणजे खेळाडूंची गैरसोय केल्याचा ठपका तुमच्यावर येणार नाही. नवा मॅप मात्र या काळात अपलोड करू नका. बनवायचा मोह झाला तर बनवा, जिन्याची कडा नीट तपासा, आणि उत्तर येईपर्यंत तो आपल्याच संगणकावर ठेवा.